कासवाच्या नाकाशी बुडबुडे: सर्दी कशी ओळखावी, काय करावं, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती कशी टाळावी

प्रश्न थोडक्यात असा: राजारामपुरीतल्या घरी लाल कानाची (रेड इअर्ड स्लायडर) दोन कासवं, दोघं एकाच टबात, टब गॅलरीत. जुलैची झड लागल्यापासून मोठ्याच्या नाकाशी बुडबुडे दिसतात, एक डोळा मिटलेला, चार दिवस खाणं बंद. पाठ साधारण १२ सेंटिमीटर. दुकानातून मध चाटवायला आणि पाण्यात निळं औषध टाकायला सांगितलं. ही सर्दीच आहे का, आपोआप जाईल का, आणि दुसऱ्या कासवाला किंवा घरातल्या लहान मुलीला लागेल का?

आपोआप जाणार नाही. मध आणि निळं औषध दोन्ही आजच बंद करा. चार दिवस खाणं बंद आणि नाकाशी बुडबुडे, एवढ्यावर दोन दिवसांच्या आत डॉक्टर गाठायला हवा. तोंड उघडून, मान लांब करून श्वास घेत असेल तर आजच.

आपली सर्दी विषाणूंची असते आणि आपण ती शिंकून, खोकून, नाक शिंकरून बाहेर काढतो. कासवाला खोकताच येत नाही. खोकण्यासाठी लागणारा छातीखालचा स्नायूंचा पडदा त्याला नाही, बरगड्या कवचातच मिसळून गेलेल्या असतात, आणि फुप्फुसं पाठीच्या कवचाला आतून लागून पसरलेली असतात. श्वास घेण्यासाठी ते पायांच्या आणि पोटाच्या आतल्या स्नायूंची हालचाल वापरतं. त्यामुळे फुप्फुसात एकदा चिकट स्राव साचला की त्याला बाहेर यायला जोर मिळत नाही. नाकावर दिसणारा बुडबुडा बऱ्याच वेळा खालच्या न्यूमोनियाचं वरून दिसणारं टोक असतो. त्यात कासव आजार दडवणारा प्राणी. आपल्याला दिसेपर्यंत आठवडा-दोन आठवडे उलटलेले असू शकतात.

रोग करणारे जीवाणू (एरोमोनास, स्यूडोमोनास वगैरे) बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत. ते टबातल्या पाण्यात आणि कासवाच्या अंगावर आधीपासूनच असतात. कासवाचं रक्त आपल्यासारखं स्वतःहून गरम राहत नाही. अंग गार पडलं की पचन मंदावतं आणि रोगाशी लढणाऱ्या पेशीही मंदावतात, जीवाणू मात्र कमी तापमानातही वाढत राहतात. म्हणून या आजारात पहिला प्रश्न औषधाचा नसतो, पाणी किती अंशांवर आहे हा असतो. घरात टबाचा थर्मामीटर नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो, तो सगळ्यात आधी आणा.

खरंच आजार आहे का, हे कसं ओळखायचं

पाण्यात शिरताना नाकातून दोन-चार बुडबुडे सुटणं, पाणी नाकात गेल्यावर एखादी शिंक येणं, उन्हात बसून एकदा जांभईसारखं तोंड उघडणं, हे निरोगी कासवही करतं. काळजीचं लक्षण वेगळं असतं. कासव कोरड्या जागी बसलेलं असताना नाकावर फुगा येतो, फुटतो आणि पुन्हा येतो. तोंडाच्या कडेला लाळेसारखी तार दिसते. कानाजवळ धरलं तर श्वासाबरोबर टिकटिक किंवा शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. प्रत्येक श्वासाला मान पुढे ताणली जाते आणि पुढचे पाय आतबाहेर हलतात. एरवी माणूस जवळ आला की पाण्यात उडी मारणारं कासव दिवसभर दगडावरच बसून राहतं.

सगळ्यात बोलकं लक्षण पोहण्यात दिसतं. कासव एका बाजूला कललेलं तरंगतं, बुडी मारायला धडपडतं आणि पुन्हा तिरकं वर येतं. एका फुप्फुसात स्राव भरला की तिथली हवा कमी होते, ती बाजू जड होते आणि खाली जाते. मात्र आतड्यात वायू धरल्यानेही कासव कलतं, आणि मादीच्या पोटात अंडी अडकली तरी ती मलूल होते. कलणं दिसलं की एक्स-रे लागतोच, नुसत्या नजरेने फरक कळत नाही.

डोळ्याकडे नीट बघा. दोन्ही डोळे सुजून पापण्या फुगल्या असतील तर ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता संभवते. एकाच डोळ्यातून पाणी आणि त्याच बाजूच्या नाकातून स्राव असेल तर संसर्ग जास्त शक्य. डोळ्याच्या मागे, कानाच्या जागी गोल गाठ आली असेल तर तो कानातला पू असतो. तो कासवात दह्याच्या कवडीसारखा घट्ट असतो, दाबून निघत नाही, शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो.

पोटाच्या कवचावर लालसर छटा किंवा रक्ताच्या रेषा दिसल्या, तोंडाच्या आतला रंग करडा-निळसर दिसला, किंवा पाय ओढल्यावर कासव परत आत घेत नसेल, तर संसर्ग रक्तात गेलेला असू शकतो. अशा वेळी रात्र काढू नका.

आज घरी काय करायचं

आजारी कासव वेगळ्या टबात घ्या. ४०-५० लिटरचा गुळगुळीत प्लास्टिकचा टब पुरतो. पाणी कवचाच्या उंचीइतकंच ठेवा, म्हणजे उभ्या उभ्या मान वर काढून त्याला श्वास घेता येईल. फुप्फुस आजारी असलेलं पाणकासव खोल पाण्यात बुडून मरू शकतं, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. एका बाजूला उतरती वीट किंवा सपाट दगड ठेवा, चढायला कष्ट पडू नयेत असा.

पाणी २८ ते २९ अंश आणि बल्बखालची कोरडी जागा ३२ अंशांच्या आसपास हवी. पण आत्ता पाणी २२ अंशांवर असेल तर एकदम २९ करू नका, तासाला एक-दोन अंश चढवा. रात्रीही तापमान खाली येऊ द्यायचं नाही. निरोगी कासवाला रात्रीचा थोडा गारवा चालतो, आजाऱ्याला नाही.

इथे एक चूक वारंवार होते. पाणी हीटरने गरम केलं जातं आणि टब उघडा, वाऱ्यात ठेवला जातो. कासव श्वास पाण्यातून घेत नाही, पाण्यावरच्या हवेतून घेतं. गरम पाण्यातून डोकं वर काढून ते प्रत्येक वेळी २१ अंशांची गार, दमट हवा आत ओढतं, आणि हीटर असूनही आजार वाढतो. म्हणून टबाचा दोन तृतीयांश भाग प्लायवूडच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याने झाका, बल्बाच्या बाजूला उघडा ठेवा आणि टब गॅलरीतून आतल्या खोलीत आणा. पंख्याचा झोत त्यावर येता कामा नये.

बल्ब पिवळा, तारेचा, ६० वॉटचा घ्या. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. दगडापासून २५ ते ३० सेंटिमीटर वर, स्टँडला पक्का बांधा. पाण्यात पडला तर जीव जाईल, कासवाचा आणि तुमचाही. आंघोळीच्या पाण्याचा रॉड कासवाच्या टबात कधीच घालू नका, थोडा वेळसुद्धा नाही. मत्स्यालयाचा थर्मोस्टॅटवाला हीटर घ्या. काचेचा असेल तर त्यावर जाळी लावा, कासव अंगाने ढकलून फोडतं. पाणी काढण्याआधी हीटरचं बटण बंद करून दहा मिनिटं थांबा, नाहीतर तापलेली काच हवेत तडकते.

खाणं जबरदस्तीने भरवू नका. गार अंगात अन्न पचत नाही, ते आतड्यात कुजतं. पाणी २८ अंशांवर दोन दिवस टिकल्यावर थोडं पुढे करून बघा. पाणकासव पाण्यातच गिळतं, कोरड्यावर ठेवलेला घास ते नुसता चावून टाकतं. डोळ्याला कोमट सलाईन (औषधाच्या दुकानात ०.९ टक्क्यांचं मिळतं) कापसाने दिवसातून दोनदा लावा. घरात पडलेले डोळ्यांचे थेंब घालू नका. त्यांपैकी बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असतं आणि ते संसर्ग वाढवतं.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा (तो काटा पुढे याच कामाला ठेवा) आणि लिहून ठेवा. मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, श्वास घेतानाचा आणि पोहतानाचा. दवाखान्याच्या टेबलावर कासव डोकं आत घेऊन बसतं, डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

डॉक्टरांकडे

आपल्या भागातले पशुवैद्य गायी-म्हशी आणि कुत्र्यांच्या उपचारात मुरलेले असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असेलच असं नाही, त्यामुळे आधी फोन करून विचारा. कोल्हापुरात कुणी मिळालं नाही तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येते.

नेताना पाण्यात नेऊ नका. थर्माकोलच्या खोक्याला चार भोकं पाडा, आत ओलसर टॉवेल घाला, कोपऱ्यात कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. आतलं तापमान २६ ते २८ अंश राहिलं पाहिजे. पावसात दुचाकीवर पिशवीतून नेलेलं कासव दवाखान्यात पोचेपर्यंत आणखी गारठतं.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा: आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही. गुरांना आणि कुत्र्यांना जंत-गोचिडांसाठी सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवाला विषारी आहे, त्याने लुळं पडून कासव मरतं. सांगायला संकोच करू नका, कासव नेहमी न पाहणारा डॉक्टर उलट आभारच मानेल.

प्रतिजैविक बहुतेक वेळा इंजेक्शननेच द्यावं लागतं. पाण्यात टाकलेलं औषध किती पोटात गेलं याचा काहीच हिशेब लागत नाही आणि फुप्फुसापर्यंत पुरेसं पोचत नाही. तुम्हाला सांगितलेलं निळं औषध बहुधा मिथिलीन ब्लू आहे, ते माशांच्या बुरशीवर वापरतात, न्यूमोनियावर त्याचा उपयोग नाही. मध, हळद, व्हिक्स, माणसाच्या सर्दीच्या गोळ्या यांतलं काहीही नको.

कासवांत सेफ्टाझिडीम हे बरंच वापरलं जाणारं इंजेक्शन आहे. किलोला २० मिलिग्रॅम, दर ७२ तासांनी अशी त्याची नेहमीची मात्रा. तुमचं कासव साडेतीनशे ग्रॅमचं असेल तर एका वेळेला फक्त ७ मिलिग्रॅम. वजन ग्रॅममध्ये का मोजायचं ते यावरून कळेल. एक ग्रॅमची बाटली विरघळवल्यावर फार उरतं, म्हणून डॉक्टर ते मोजून सिरिंजांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगू शकतात. तिसऱ्या दिवशी एकच सुई म्हणजे उपचार कमी पडतोय असं समजू नका. कासवाचं शरीर औषध सावकाश बाहेर टाकतं, आणि तेही त्या औषधाला लागणारी ऊब असेल तरच हिशेब जमतो. सुई पुढच्या पायाच्या भागात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडाकडे आधी वळण्याची शक्यता असते. एन्रोफ्लॉक्सासिनही चालतं, पण त्याची सुई खूप झोंबते आणि जागा सडू शकते, ते पुन्हा पुन्हा टोचणं टाळलेलं बरं. जेंटामायसिनसारखी औषधं अंगातलं पाणी कमी झालेल्या कासवाच्या मूत्रपिंडावर घाव घालतात. कोणतं औषध, किती, किती दिवस, हे ठरवणं डॉक्टरांचंच काम. हे आकडे तुम्हाला उपचार समजावा म्हणून दिलेत, दुकानातून बाटली आणून टोचण्यासाठी नाहीत.

एक्स-रे काढताना नुसता वरून काढलेला पुरेसा नसतो. आतडी आणि कवच एकावर एक येऊन फुप्फुस झाकलं जातं. आडव्या किरणांनी, बाजूने आणि समोरून, असे फोटो मागा. समोरून काढलेल्यात डावं-उजवं फुप्फुस शेजारी शेजारी दिसतं आणि कोणतं भरलंय ते लगेच कळतं.

स्राव घट्ट असेल तर नेब्युलायझरने सलाईनची वाफ देतात, दिवसातून दोनदा १५-२० मिनिटं. कासव झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवून नळी आत सोडायची, डब्याला दोन भोकं ठेवायची. ही थंड वाफ असते. भांड्यात पाणी उकळून दिलेल्या वाफेने कासव भाजतं.

‘अ’ जीवनसत्त्वाची सुई डॉक्टरांनी मोजून दिली तर ठीक, अंदाजे नको. मात्रा जास्त झाली तर आठवड्या-दोन आठवड्यांत मानेची आणि पायांची कातडी सोलून निघते, आणि ते दुखणं सर्दीपेक्षा वाईट.

बरं व्हायला वेळ लागतो. भूक साधारण आठवडाभरात परतू लागते, पण उपचार तीन ते सहा आठवडे चालू शकतात. बुडबुडे थांबले म्हणून सुया मध्येच बंद करणं ही या आजारातली सर्वांत महागात पडणारी चूक. उरलेले जीवाणू औषधाला दाद देईनासे होतात आणि महिन्याभराने तोच आजार जोमाने परततो. आठवड्याला वजन करा. सुरुवातीच्या वजनातून दहा टक्के गेले तर डॉक्टरांना लगेच कळवा.

दुसरं कासव आणि तुमची मुलगी

दुसरं कासव त्याच गार पाण्यात होतं, त्यामुळे तेही आज ना उद्या आजारी पडू शकतं. ते निरोगी दिसत असलं तरी वेगळं ठेवा, पाणी २६ अंशांवर आणा, रोज नाक, डोळे आणि पोहणं बघा. जाळी, मग, ब्रश दोघांचे वेगळे. आधी निरोग्याचं काम करा, मग आजाऱ्याचं. पुढे नवं कासव आणलंच तर ९० दिवस स्वतंत्र ठेवा.

मुलीला कासवाची सर्दी लागत नाही, तुमची सर्दीही कासवाला लागत नाही. धोका दुसरा आहे: निरोगी दिसणारं कासवही साल्मोनेला जीवाणू बाळगतं. अमेरिकेत लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आली. कासवाला, पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये रिकामा करायचा नाही, कासवाची पापी घ्यायची नाही. पाच वर्षांखालच्या मुलाने हात न लावलेलाच चांगला.

सुया चालू असतानाच मोठा टब नीट करून घ्या

कोल्हापूरची अडचण अशी की इथला गारठा अर्धवट असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस ऊन नाही, हवा २१ ते २५ अंशांत अडकलेली. जानेवारीत पहाटे पारा १४-१५ पर्यंत उतरतो आणि दुपारी तिशीला जातो. लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. तिथे खऱ्या हिवाळ्यात ते तळाशी जाऊन सुस्त पडतं. आपल्याकडे निजण्याइतकी थंडी नाही आणि पचवण्याइतकी ऊब नाही. ते ना झोपतं ना जगतं, आणि याच दिवसांत फुप्फुस धरतं. ‘थंडीत कासव झोपतं, त्याला तसंच सोडा’ हा सल्ला आपल्या गावात पाळू नका.

टब मोठा हवा. कवचाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे साधारण १५ लिटर पाणी धरा. तुमच्या १२ सेंटिमीटरच्या कासवाला एकट्यालाच १८० लिटर. एवढं पाणी लवकर घाण होत नाही आणि लवकर गारही होत नाही. घाण पाण्यातला अमोनिया नाकाचं आणि श्वासनळीचं अस्तर जाळतो, मग जीवाणूंना आत जाणं सोपं जातं. १८० लिटरला २०० वॉटचा हीटर बसवा. लक्षात घ्या, १०० लिटर पाणी २० अंशांवरून २६ वर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते, म्हणजे १०० वॉटच्या हीटरला किमान सात तास, वाऱ्यात उघडं असेल तर त्याहून बरेच जास्त. टबाच्या खाली आणि चारही बाजूंनी एक इंची थर्माकोल लावला तर बिल कमी येईल आणि झडीत लाईट गेली तरी पाणी बराच वेळ तग धरेल. जास्त वेळ वीज नसेल तर दोन लिटरच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून टबात तरंगत ठेवा आणि वरून झाका.

पाणी बदलताना बहुतेक घरांत घोटाळा होतो. टाकीतलं पाणी पावसाळ्यात सकाळी चांगलंच गार असतं, ते थेट टबात ओततात आणि क्षणात तापमान चार-पाच अंशांनी पडतं. पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून उघडं ठेवा, त्याने क्लोरीनही बरंचसं उडून जातं. सकाळी २० अंशांच्या ४० लिटरमध्ये ६० अंशांचं सात लिटर गरम पाणी बाहेरच मिसळलं की साधारण २६ अंश होतं. मोजूनच ओता. फिल्टर असेल तर आठवड्याला पाव हिस्सा बदललं तरी चालतं. फिल्टर नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी बहुतेक सगळं बदलावं लागेल.

खाण्याचं बघा. डबीतला वाळलेला जवळा हेच रोजचं जेवण असेल तर ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडणारच. त्याच्या अभावी नाक, डोळे आणि श्वासनळीचं ओलं अस्तर जाड, कोरडं होतं आणि जीवाणूंना अडवणं बंद करतं. चांगल्या प्रतीच्या टर्टल पेलेट्स, सोबत शेवग्याचा पाला, मेथी, किसलेलं गाजर, लाल भोपळा. वाढलेल्या कासवाच्या खाण्यात निम्म्याहून जास्त पाला असू द्या. पालक रोज नको.

ऊन निघालं की सकाळी २०-३० मिनिटं बाहेर, अर्ध्या भागावर सावली ठेवून. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हाडांना आणि कवचाला लागणारे यूव्हीबी किरण नसतात. झडीच्या महिन्यांत यूव्हीबीची ट्यूब लावावी लागते, आणि उजेड दिसत असला तरी वर्षभरात ती बदलावी लागते.

टब कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. मार्च ते मे घरोघरी वर्षाची चटणी होते. मिरच्या-मसाला भाजताना आपल्याला ठसका लागतो, कासवाला तर खोकताही येत नाही. त्या दिवशी टब लांबच्या खोलीत न्या. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल टबाच्या खोलीत लावूच नका.

कंटाळून किंवा आजाराला घाबरून कासव रंकाळ्यात सोडण्याचा विचार मनात आणू नका. हे परदेशी कासव जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी बाहेरच्या जातींच्या यादीत आहे, आणि आजारी असेल तर आपल्या तळ्यातल्या देशी कासवांना रोग देईल. उलट, पावसात विहिरीबाहेर किंवा रस्त्यावर एखादं देशी कासव सापडलं तर घरी ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

शेवटच्या सुईनंतर दोन आठवडे थांबा. या दोन आठवड्यांत कासव स्वतःहून खात असेल, सरळ पोहत असेल, बुडी मारून तळाशी बसत असेल आणि वजन उतरत नसेल, तरच मोठ्या टबात हलवा. त्याआधी आजारी टबाचं पाणी दिवसाला एक अंश या बेताने २६ वर आणा. मोठ्या टबातही पहिला आठवडा पाणी उथळच ठेवा आणि मग रोज चार बोटं वाढवा.